चेंडू आला, पंप कुठाय?

"ऐकलंस का, कोपऱ्यावरच्या बंगल्यातली ट्रेडमिल पेठला चाललीय म्हणे!"

काकू भिंतीवर कोपरं टेकून बोलायला लागल्या की बातमी पक्की समजायची. मी चकलीच्या भाजणीसाठी धुतलेले तांदूळ पंचावर पसरत होते. हात तसाच राहिला.

"ट्रेडमिल? पेठला? कोणासाठी?"

"मुलांसाठी गं! मंडळाने आवाहन केलं ना, दिवाळीनिमित्त गरीब मुलांना खेळाचं साहित्य द्या म्हणून. सगळ्यांनी बॅटी-बॉल काढले, ह्यांनी चार माणसं लावून ट्रेडमिलच टेम्पोत चढवली. बंद पडलेली. इतकी वर्षं तिच्यावर टॉवेल वाळत होते, मी आमच्या गच्चीवरून बघत नव्हते का?"

"पण ती तिथे चालवणार कशी? आणि रोज डोंगर चढणाऱ्या पोरांना ट्रेडमिल?"

"ते बाईंना विचार," असं म्हणून काकूंनी माझ्या खांद्यावरून पलीकडे हाक मारली, "बाई! ओ बाई! जरा बाहेर या!"

बाई म्हणजे आमच्या दुसऱ्या बाजूच्या शेजारीण. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत, तीही पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत. निवृत्त झाल्यावर मुलाने नाशिकला आणलं. कॉलनीत त्यांचं नाव कोणी घेत नाही, दूधवाल्यापासून मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत सगळे बाईच म्हणतात. दर दिवाळीला मंडळाची गाडी निघते तेव्हा 'बाई, तुम्ही चलाच, तुम्हाला तिकडची माहिती' असा आग्रह होतो आणि बाई दर वर्षी गुडघ्याचं कारण सांगतात. त्याच गुडघ्यांनी त्या रोज पहाटे गोदाकाठी फिरायला जातात, हे भिंतीच्या दोन्ही बाजूंना माहीत आहे.

बाई हातातली झारी तशीच घेऊन आल्या. ट्रेडमिलचं ऐकून हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जडसंग्रहाला लागेल आता."

"कशाला?"

"जडसंग्रह नोंदवही. डेडस्टॉक म्हणतात ना, ते. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू त्यात चढवायची. एकदा चढली की ती जपायची जबाबदारी हेडमास्तरची. फुटली, मोडली, गंजली तरी फेकता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मग निर्लेखनाची परवानगी, मग कुठे ती वस्तू शाळेतून हलते. म्हणून तर गुरुजी लोक साहित्य कपाटात कुलूप लावून ठेवतात. चेंडू फुटला तर तपासणीला दाखवायचं काय? त्या गुरुजीला आता निवृत्तीपर्यंत ती ट्रेडमिल सांभाळायची आहे. बदली झाली की पुढच्याच्या ताब्यात द्यायची, सही घेऊन."

काकूंना हा मुद्दा फारच आवडला. एखाद्याच्या दानशूरपणाचे असे मातीचे पाय दिसले की गप्पांना रंग चढतो, हे मीही कबूल करते. त्या म्हणाल्या, "आणि टेम्पोत बाकीचं काय चढलंय माहितीये? दुसऱ्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी मुलाचे स्केट्स दिले. चाकांचे! पाड्यावर डांबरी रस्ता आहे का, विचारलं का कोणी? कोणीतरी बॅडमिंटनच्या रॅकेटी दिल्यात, निम्म्यांचं गटिंग तुटलेलं. एकाने बॅटिंगचा ग्लोव्ह दिलाय. एकच. डाव्या हाताचा."

"माळा साफ केला म्हणा की."

"मग! दिवाळीची साफसफाई आणि पुण्य एकाच टेम्पोत."

बाईंनी झारी खाली ठेवली. आता त्या बराच वेळ थांबणार हे कळलं. "वहिनी, वाईट कोणाच्याच मनात नसतं हो," त्या काकूंना म्हणाल्या. "पण मला एक सांगा, गाडी निघणार कधी?"

"वसुबारसेला. दर वर्षी तेव्हाच निघते."

"तेव्हा शाळा चालू असते?"

काकू गप्प. मीही गप्प. इतक्या वर्षांत ह्या टेम्पोला निरोप देताना हा प्रश्न आमच्या गल्लीत कोणी विचारला नव्हता, हे खरं.

"दिवाळीची सुट्टी लागलेली असते. आश्रमशाळा रिकाम्या, मुलं आपापल्या पाड्यावर. भात कापणीला आलेलं असतं, नागली-वरई काढायची असते. आठ वर्षांचं पोरही शेतात भारे उचलत असतं. तुमच्या मंडळाचा फोन आला की सरपंच माणूस पाठवतो, गुरुजी स्वतःच्या गावाहून दिवाळी सोडून मोटारसायकल दामटत येतात, शाळेचं कुलूप काढतात. पोरं शेतातून बोलावून ओळीत बसवतात. आणि त्या दिवशी त्यांची वाघबारस असते, हे तर कोणाच्या ध्यानीमनी नसतं."

वाघबारस म्हणजे काय ते बाईंनीच मागे सांगितलं होतं. आपण वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो, त्याच दिवशी डोंगरातले कोकणा, महादेव कोळी वाघदेवाला पुजतात. गुरं चारायला रानात जाणाऱ्यांचा तो सण. म्हणजे ज्यांच्याकडे 'दिवाळी पोचवायला' आपण निघतो, त्यांच्या घरी त्या दिवशी त्यांची दिवाळी चाललेली असते आणि आपण फुग्यांसकट मध्येच जाऊन उभे राहतो.

"मग जायचं तरी कधी?" काकूंनी जरा चिडूनच विचारलं. "जूनमध्ये? शाळा सुरू होताना?"

"जूनमध्ये पेठला मैदान दिसतं का तुम्हाला? सावळ घाट ओलांडला की नुसतं धुकं आणि पाणी. सप्टेंबरपर्यंत पोरं चिखलात लगोरी खेळतील नाहीतर वर्गात बसून सागरगोटे. खेळायचे दिवस दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होतात. जमीन वाळते, गवत कापून होतं. आणि डिसेंबर-जानेवारीत जिल्हा परिषदेच्या शाळांच्या स्पर्धा असतात, आधी केंद्र, मग तालुका, मग जिल्हा. तुळशीचं लग्न लागलं की जा. तेव्हा मुलं शाळेत असतात, गुरुजी असतात आणि चेंडू लगेच मैदानात उतरतो."

हे इतकं साधं आहे की कोणाला सुचलं कसं नाही, असं वाटतं. कारण उघड आहे. देणाऱ्याचं कॅलेंडर देणाऱ्याच्या भिंतीवर असतं. कंपन्यांचंही तसंच. सन २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण त्या यादीत आहे. चांगलंच झालं. पण त्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं. बाई सांगतात, मार्चात कंपनीची गाडी यायची, सगळ्या शाळांना एकसारखी पेटी. त्यांच्या केंद्रात हॉकी कोणाला येत नव्हती, पण हॉकीच्या काठ्या प्रत्येक शाळेत होत्या. पोरं त्या विटीदांडूला वापरायची. पुढच्या महिन्यात परीक्षा, मग सुट्टी, आणि पेटी कपाटात.

मी म्हटलं, "पण बाई, सरकार काही देत नाही का?"

"देतं ना. समग्र शिक्षामधून खेळाच्या साहित्याला अनुदान आहे. प्राथमिक शाळेला वर्षाला पाच हजार, उच्च प्राथमिकला दहा हजार, माध्यमिकपासून पुढे पंचवीस हजारांपर्यंत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातसुद्धा मैदान आणि खेळाचं साहित्य लिहिलेलं आहे. आता पाच हजारांत काय होतं बघ. तीन-चार बरे चेंडू, उड्यांच्या दोऱ्या, रिंगा, एखादं नेट. संपलं. म्हणजे तुमच्यासारख्यांची गरज आहेच, मी नको म्हणत नाही. पण जे आहे त्यात भर घालणारं द्या. अडगळीत भर घालणारं नको."

एवढ्यात काकूंच्या वरच्या गॅलरीतून काकांचा आवाज आला. वर्तमानपत्रामागून ते सगळं ऐकत असतात. "त्यापेक्षा पैसे द्या म्हणावं! वस्तू दिली तर ऐंशी-जीची सवलत नाही मिळत! पैशालाच मिळते, आणि तीही रोख दोन हजारांच्या वर दिले तर नाही!"

"तुम्ही नवी कर पद्धत घेतलीत ना? मग तुम्हाला तशीही नाही मिळायची," काकूंनी खालूनच उत्तर दिलं. वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं.

काकूंना आता आपली बाजू सावरायची होती, म्हणून त्यांनी अमेरिका काढली. त्यांची लेक न्यू जर्सीत असते, आणि कुठल्याही विषयात काकू शेवटी न्यू जर्सीला पोचतातच. पण ह्या वेळी पोचल्या ते बरं झालं. "आमच्या सोनीच्या ऑफिसात नाताळच्या आधी एक मोठं खोकं ठेवतात," त्या म्हणाल्या. "टॉइज फॉर टॉट्स म्हणतात त्याला. तिथल्या सैन्यातले मरीन लोक चालवतात. नवंच खेळणं टाकायचं, वापरलेलं चालत नाही. आणि कागदात गुंडाळायचं नाही."

"गुंडाळायचं का नाही?" मी विचारलं.

"आत काय आहे ते कळायला हवं ना. कुठल्या वयाच्या मुलाला द्यायचं, ते बघून वाटतात."

ह्या खोक्याची गोष्ट जुनी आहे. १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये बिल हेंड्रिक्स नावाच्या मरीन राखीव दलातल्या अधिकाऱ्याच्या बायकोने, डायनने, हाताने एक बाहुली केली आणि नवऱ्याला म्हणाली, ही एखाद्या गरजू मुलाला पोचव. तो शोधायला गेला तर असं काम करणारी संस्थाच सापडेना. मग तिनेच सांगितलं, नसेल तर तूच काढ. पुढच्या वर्षी मरीन राखीव दलाने तो उपक्रम देशभर नेला. बायकोने सुचवलं आणि नवऱ्याचं नाव झालं, ह्यावर आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघून घेतलं. तो वेगळा विषय.

"अजून एक असतं तिकडे," काकूंना हुरूप आला. "मॉलमध्ये नाताळचं झाड, त्याच्यावर कागदाच्या चिठ्ठ्या टांगलेल्या. चिठ्ठीवर मुलाचं वय, मुलगा की मुलगी, बुटाचं माप, कपड्याचं माप आणि त्याला काय हवं ते. आपण एक चिठ्ठी काढून घ्यायची आणि त्यावर लिहिलंय तेच आणायचं."

एंजल ट्री म्हणतात त्याला. साल्व्हेशन आर्मीच्या एका दांपत्याने १९७९ साली व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग गावी सुरू केलं. बाईंनी ते दोनदा विचारून घेतलं. "बुटाचं माप लिहिलेलं असतं? चिठ्ठीवर?" मग म्हणाल्या, "हे मात्र आणा इकडे. बाकीचं त्यांचं राहू दे."

मला वाटतं, आपल्याकडच्या दिवाळीच्या दानात नेमकी ही चिठ्ठी नाही. आपण मुलाला विचारत नाही. विचारायला लाज वाटते की वेळ नसतो, कोण जाणे. दिल्लीच्या गूंज संस्थेचे अंशू गुप्ता १९९९ पासून हेच सांगत आले आहेत, त्यासाठी त्यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. शहरातून आलेल्या वस्तू ते फुकट वाटत नाहीत. गावाने ठरवायचं आपल्याला काय करायचंय, विहीर उपसायची की बंधारा घालायचा, ते काम सगळ्यांनी मिळून करायचं आणि वस्तू त्या कामाच्या मोबदल्यात घ्यायच्या. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. आपल्याकडे २ ते ८ ऑक्टोबर ह्या काळात दानोत्सव असतो, २००९ पासून चालू आहे. त्यातही आता बऱ्याच संस्था आधी यादी देतात आणि मग वस्तू मागतात. कॉलन्यांपर्यंत ती यादी अजून पोचायची आहे.

"बरं, तुमच्या पोरांना काय हवं असतं मग?" काकूंनी बाईंना सरळच विचारलं.

बाईंनी भिंतीवर बोटाने आकडे मांडत सांगायला सुरुवात केली, जणू वर्गच भरला. फुटबॉल द्यायचा तर माप बघून. पाच नंबरचा मोठ्यांचा, बारा वर्षांच्या पुढे. आठ ते बाराला चार नंबर. त्याहून लहानांना तीन. "लोक सरसकट पाच नंबर आणतात, कारण दुकानात तोच समोर टांगलेला असतो. तिसरीतल्या पोराने त्याला लाथ मारली की पोरगंच मागे पडतं." आणि चेंडूबरोबर पंप हवाच. करवंदीचे आणि बाभळीचे काटे जिथे तिथे. हवा कमी झाली की चेंडू महिनाभर कोपऱ्यात पडतो, कारण पंप तालुक्याच्या गावी. "पंपाची पिन आधी मोडते, पंप नाही. पिन कोरडीच घुसवली की आतला व्हॉल्व्ह फाटतो. ती ओली करून घालायची असते. मी थुंकी लावायला शिकवलं होतं पोरांना. इन्स्पेक्शनला साहेबांनी ते पाहिलं आणि शेरा मारला."

क्रिकेटचं तर विचारूच नका, म्हणाल्या. मोठ्या मुलाची पूर्ण मापाची बॅट चौथीतल्या पोराच्या हातात दिली की ते दोन्ही हातांनी ती नुसती ओढत राहतं. टेनिसचा चेंडू मुरमाड मैदानावर आठवड्यात टकला होतो. आणि कोणी उदार होऊन लेदरचा चेंडू देतं, पॅड, हेल्मेट काही नसताना. "एका पोराचा ओठ फाटला, सहा टाके. आईने मला विचारलं, बाई, हा दगड तुम्ही दिला का? काय सांगू?" रबरी चेंडू सगळ्यांत बरा. स्वस्त, टिकतो, लागला तर रडून संपतं. बॅडमिंटनचं शटल डोंगरावरच्या वाऱ्यात सरळ जातच नाही. कॅरमबोर्ड चांगला, पावसाळ्यात उपयोगी. पण सोंगट्या मोजून द्या आणि पावडरचे डबे जास्तीचे.

"आणि मुली?" मी विचारलं.

ह्यावर बाई क्षणभर थांबल्या. "तुमच्या टेम्पोत मुलींसाठी काय असतं? बाहुल्या आणि बांगड्या. अगं, खो-खोला साहित्य काय लागतं? दोन खांब. बास. सुरगाण्याच्या आदिवासी मुली महाराष्ट्राच्या खो-खो संघापर्यंत गेल्यात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, कर्णधार आपली प्रियांका इंगळे. पोरींच्या अंगात खेळ आहेच. त्या थांबतात सहावी-सातवीत, फ्रॉक घालून सूर मारता येत नाही म्हणून. चांगल्या दोन ट्रॅकपँट आणि मापाचे कॅनव्हासचे बूट दिले असते ना, माझ्या वर्गातल्या चार-पाच जणी तरी अजून खेळल्या असत्या. घरचे म्हणायचे, कपडे नीट नाहीत, नको जाऊस. कपडे होते म्हणजे ते कारण तरी संपलं असतं."

मग कविता राऊतचं नाव निघालं, नाशिकच्या भिंतीवर ते निघणारच. हरसूलजवळच्या सावरपाड्याची मुलगी, लहानपणी अनवाणी धावायची. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, २०१६ ला रिओच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन. आमचे अध्यक्ष दर वर्षी टेम्पोला झेंडा दाखवताना भाषणात तिचं नाव घेतात आणि म्हणतात, बघा, गरिबीतूनच खेळाडू घडतात. बाईंना ह्या वाक्याचा राग आहे. "गरिबीतून घडत नाहीत. गरिबी असूनही एखादी सुटते. तिला नाशिकला प्रशिक्षक मिळाला, रोज मैदानावर उभा राहणारा. बाकीच्या शंभर पोरी अनवाणी धावल्या आणि अनवाणीच राहिल्या. त्यांचं नाव कोण घेतो?"

नागपूरच्या विजय बारसेंची गोष्टही ह्याच अंगाने बघायला हवी. 'झुंड' आल्यापासून ती सगळ्यांना माहीत आहे. २००१ साली पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारून खेळत होती आणि हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या ह्या माणसाने त्यांना चेंडू दिला. नागराज मंजुळेंचा सिनेमा २०२२ मध्ये आला, बारसेंवर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. लोकांच्या लक्षात चेंडू राहतो. पण तेवढ्यावर ते थांबले असते तर तो चेंडूही कधीतरी फुटला असता आणि पोरं बादलीकडे परत गेली असती. बारसेंनी झोपडपट्ट्यांतल्या संघांच्या स्पर्धा भरवल्या, संघ बांधले, स्लम सॉकर उभं राहिलं. साहित्य हा त्यातला सगळ्यांत स्वस्त भाग. माणूस महाग पडतो, म्हणून तो कोणी दान करत नाही.

काकूंनी एव्हाना आपल्या नातवाची बॅट टेम्पोतून परत आणायचं ठरवलं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. त्या म्हणाल्या, "मग आता? टेम्पो भरून झालाय, बॅनर छापून झालाय. बॅनर बघितलास का, टेम्पोपेक्षा लांब! आणि वाटेत सगळ्यांची मिसळ. त्या मिसळीच्या बिलात किती चेंडू येतील?"

"मिसळ खाऊ दे त्यांना," बाई म्हणाल्या. "माणसं त्या निमित्ताने घाट तरी बघतात. पण फोन आधी करा." आणि त्यांनी पदराला हात पुसून स्वतःच फोन लावला. पलीकडे त्यांच्या शाळेतले, आता हेडमास्तर झालेले गुरुजी. स्पीकर लावला. गुरुजींना वाटलं बाईंची तब्येत बिघडली. तसं काही नाही कळल्यावर खुलले. बाईंनी विचारलं, "नाशिकहून मंडळी यायची म्हणतात. तुम्हाला काय हवंय ते सांगा, आणि लाजू नका."

पलीकडे बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. मग गुरुजी म्हणाले, "बाई, खरं सांगू? चेंडू आहेत. पंप द्या एक, पिना चार-पाच. शिट्टी द्या. मुलींना बूट, मापं मी पाठवतो. आणि जमलं तर जेसीबी दोन तास. मैदानात खडक वर आलाय, पोरं पडतात. आम्ही पोरांना घेऊन दगड वेचले, पण तो नाही निघत."

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. जेसीबी. त्याच्यासोबत फोटो काढायचा म्हटला तरी चेंडू हातात घेतलेल्या मुलासारखा येणार नाही. वरून काकांनी विचारलं, "जेसीबीची पावती मिळते का?" कोणी उत्तर दिलं नाही.

"आणि गुरुजी," बाईंनी फोन ठेवता ठेवता विचारलं, "पट किती राहील दिवाळीनंतर?"

"कमी होईल की. निम्मे आईबाप जगायला जातात."

हे 'जगायला जाणं' मी पहिल्यांदा बाईंकडूनच ऐकलं. भात निघालं की पेठ-सुरगाण्याची माणसं मजुरीला खाली उतरतात आणि त्याला तिकडे असंच म्हणतात. बरीचशी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येतात. छाटणी, थिनिंग, डिपिंग, मार्चपर्यंत काम. बागेच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाची खोपटी आणि त्यात पोरं. मराठवाड्यातून ऊसतोडीला निघालेल्यांची मुलंही अशीच फडावर जातात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, सगळ्यांना ती पुरत नाहीत. म्हणजे वसुबारसेला आम्ही घाट चढून ज्या पोराच्या हातात चेंडू देतो, ते पोर महिन्याभरात घाट उतरून आमच्याच जवळ, दिंडोरीच्या बागेत येऊन राहतं. चेंडू मात्र तिकडे शाळेच्या कपाटात.

"मग त्या पोरांना शोधायला पेठला कशाला जायचं?" काकू म्हणाल्या. कधी कधी काकू असं बोलतात की त्यांना आतून सगळं कळलेलं असतं. "दिंडोरी तर इथे आहे. रविवारी सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत. चार खोपट्यांच्या मधल्या जागेत रबरी चेंडू आणि दोरी दिली तरी खेळतील. आणि रविवारी पुन्हा जाता येईल."

"पुन्हा जाता येईल, हे महत्त्वाचं," बाई म्हणाल्या आणि झारी उचलून तुळशीकडे गेल्या. त्यांच्या तुळशीला यंदा मंजिऱ्या भरपूर आल्यात.

मंडळाचा टेम्पो ठरल्याप्रमाणे वसुबारसेला निघणारच आहे. अध्यक्षांना तारीख बदला म्हणून सांगायला काकू गेल्या होत्या. ते म्हणाले, पाहुणे ठरलेत, बॅनरवर तारीख छापलीय. मात्र जेसीबीचं ऐकून त्यांनी जरा डोकं खाजवलं आणि कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या साहेबांचा मेव्हणा खडी क्रशर चालवतो, त्याच्याकडे बघतो म्हणाले. ट्रेडमिल दिल्यानंतर त्या घराकडून एवढं तरी यायलाच हवं, असं काकूंचं स्पष्ट मत आहे.

तुमच्या गल्लीतूनही ह्या दिवाळीत असा टेम्पो निघत असेल. भरण्याआधी एक फोन त्या शाळेला करा. कुठल्या वयाची मुलं, मुली किती, बुटांची मापं काय, मैदान कसं आहे, एवढं विचारा. मोडकं, तुटकं, एकाच हाताचं देऊ नका. शक्य झालं तर तुळशीचं लग्न लागल्यावर जा, तेव्हा मुलं शाळेत भेटतात. आणि चेंडूबरोबर पंप ठेवा. पिना दोन जास्तीच्या.